काजूवाल्या हातांची चाचणी

वैजयंती गावडेला हिरवा रंग फार आवडायचा, आणि त्याचा झाडापानांशी काडीचा संबंध नव्हता. लॅपटॉपच्या पडद्यावर हिरव्या खुणांची रांग लागली की त्या दिवशी तिला डबा गोड लागायचा. एक जरी लाल खूण दिसली तर कपाळाला आठी, आणि मग बाईसाहेबांशी कुणी बोलायला जायचं नाही.

नोकरीच तशी होती. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका जिन्याच्या टोकाला अकरा माणसांची तिची कंपनी. राज्यभरातली वयाने मोठी माणसं फोनवर शिकायची, फोनवरच दहावी-बारावीचे पेपर द्यायची. त्या शिक्षणमंचाला जोडायचं एक प्लगइन ही कंपनी बनवत होती. प्लगइन म्हणजे काही थोर प्रकरण नव्हे. शिलाई मशीनला मागाहून मोटर बसवतात ना, तसा चालत्या यंत्रणेला बाहेरून लावायचा जादा भाग. या भागाचं नाव ठेवलं होतं 'लकब', आणि तिचं काम एकच. पेपर सोडवणारं माणूस खरंच तेच आहे ना, एवढं ओळखायचं.

आता कुणी म्हणेल, त्यात काय, फोटो काढा की! ते दिवस गेले. कुणाचाही चेहरा नि आवाज हुबेहूब बनवून देणारी यंत्रं बोकाळली आणि कॅमेऱ्यावर कुणी विश्वास ठेवीना. एकाच पठ्ठ्याने बारा चेहरे लावून बारा जणांचे पेपर दिल्याचं उघडकीला आलं, तेव्हा परीक्षा मंडळाची झोप उडाली. बोटांचे ठसे घ्यावेत, तर कष्टाची कामं करणाऱ्यांचे ठसे झिजलेले. मग असं लक्षात आलं की पडद्याला हात लावायची प्रत्येकाची तऱ्हा वेगळी असते. बोट किती वेळ टेकतं, किती जोरात, त्याचा केवढा भाग टेकतो, उत्तर दाबण्याआधी माणूस किती थबकतं, फोन कुठल्या अंगाला कलतो. अशी बासष्ट मापं घेतली की माणूस ओळखू येतं. लकब पहिल्या दोन आठवड्यांत ही मापं शिकून घेई आणि पुढे प्रत्येक धड्याला, प्रत्येक पेपराला गुपचूप ताडून पाही. जुळलं नाही की खात्यावर लाल अक्षरांत शिक्का पडे, 'तोतया'. आणि मग पेपराला बसणं बंद.

वैजयंतीचं काम या लकबीचीच परीक्षा घ्यायचं. पूर्वी हे चौघं जण बसून तीन-तीन दिवस हाताने करायचे आणि तरी चुका सुटायच्या. तिने आठ महिने खपून ते सगळं आपोआप व्हायची सोय केली. कुणी कोडची एक ओळ बदलली रे बदलली की रिकाम्या सर्व्हरवर अख्खा शिक्षणमंच नव्याने उभा राही, त्याला ताजी लकब जोडली जाई, आणि पाच हजार बनावट विद्यार्थी वर्गात शिरत. ते धडे वाचत, चुकत, थबकत, पेपर सोडवत. त्यांतले चारशे मुद्दाम लबाड बनवलेले. लबाड सगळे सापडले आणि प्रामाणिकांतला एकही अडकला नाही, तर हिरवं. बारा मिनिटांत निकाल हातात! तिला त्या पाच हजारांचा अभिमान होता, आणि का नसावा, एकटीने जन्माला घातले होते.

एप्रिलच्या सुरुवातीला इरफान मुजावर तिच्या टेबलाशी आला. हा तिचा साहेब. मनाने चांगला, पण सदा घाईत. सहा तालुक्यांत लकब दोन महिने करून पाहिली होती, त्याचा अहवाल आला होता आणि गडी भलताच खुशीत होता.

"वैजू, हे बघ! त्रेपन्न तोतये पकडले आपण. बाविसाव्या तारखेला राज्यभर सुरू करायचं, मंडळ एकदम खूश आहे. आणि गंमत बघ, एकाच केंद्रावर साठातले एकेचाळीस! अख्खं गाव मिळून लबाडी करतंय."

"कुठलं केंद्र?"

"चंदगडकडचं कुठलंसं. सडेगाव."

वैजयंतीने अहवालातली यादी उघडली. सडेगाव तिचं गाव. तिने यादी खाली सरकवली, आणि तेविसाव्या ओळीवर नाव होतं, द्वारकाबाई सोमाजी गावडे, वय त्रेपन्न. तिची आई.

ऑफिसात कुणाला ठाऊक नव्हतं, पण आई गेली तीस वर्षं गावच्या काजूच्या कारखान्यात काजू फोडत होती. वैजयंती सगळ्यांना सांगायची, आई घरीच असते. का सांगायची? लाज वाटायची, दुसरं काय. आता कारखान्यात बायकांवर पर्यवेक्षक म्हणून एक बाई नेमायची होती आणि अट होती दहावी पास. आईची शाळा आठवीत सुटलेली. तरी तिने हट्टाने नाव घातलं होतं. सहा मेला पेपर सुरू होणार होते.

खरं सांगायचं तर क्षणभर वैजयंतीच्या मनात आलंच, की आईने खरोखर दुसऱ्या कुणाकडून तर करून घेतलं नसेल? मनात आलं आणि तिची तिलाच शरम वाटली. तिने गच्चीत जाऊन फोन लावला.

"मी सोडलं शिकायचं," आई म्हणाली.

"का गं?"

"का म्हंजे? फोनवर लाल अक्षरात लिवून आलंय, तोतया. मला काय अर्थ कळत न्हाई व्हय? दुसऱ्याचं सोंग घेऊन फसवणारी. वैजू, तीस वर्षं त्या काजूत बसतोय आम्ही. न विचारता एक गर तोंडात टाकला न्हाई कधी. आणि ह्यो फोन मला चोर म्हणतोय!" मग आईनेच विषय बदलला. "जाऊ दे. तू जेवलीस का?"

तो फोन तिला चोर म्हणत नव्हता, तिची स्वतःची मुलगी म्हणत होती. पण हे फोनवर सांगायची वैजयंतीची छाती झाली नाही.

जागेवर येऊन तिने चाचणी पुन्हा चालवली. बारा मिनिटं. पाच हजार विद्यार्थी, सगळं हिरवंगार. आयुष्यात पहिल्यांदा तिला त्या रंगाची भीती वाटली.

एक वाट मोकळी होती. चाचणीच्या सोयीसाठी लकबीत एक सूट-यादी ठेवली होती. त्या यादीतल्या खात्यांना लकब हटकत नसे. एक ओळ टाकली की आईचा शिक्का गायब, कुणाला पत्ताही लागला नसता. वैजयंतीने ती ओळ लिहूनसुद्धा ठेवली, फक्त पाठवायची बाकी ठेवली. आधी आईला भेटावं म्हणून शनिवारी सकाळच्या एसटीत बसली.

ती पोचली तेव्हा कारखान्यात दुपारची सुट्टी झाली होती. वाफवलेल्या काजूचा तो उग्र वास शेडमध्ये भरून राहिलेला. बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि डबे खाऊन झाल्यावर ज्यांच्या खात्यांवर अजून शिक्का नव्हता त्या फोन काढून धडा बघत होत्या. ज्यांच्यावर होता त्या नुसत्या बसल्या होत्या, आईही त्यांतच.

"आली बघ द्वारकाक्काची साहेबीण!" मालू नाईक ओरडली. ही आईच्या शेजारच्या पाटावर बसणारी, तोंडाने फटकळ आणि जिवाला जीव देणारी. "ये बाई. आमास्नी चोर ठरवलंय तुज्या कॉम्प्युटरवाल्यांनी, ऐकलंस न्हवं?"

वैजयंतीचं तिच्या बोलण्याकडे लक्ष नव्हतं. ती हात बघत होती.

काजूच्या टरफलात एक तेल असतं. कातडीला लागलं की भाजतं. बायका गोडं तेल लावतात, राख लावतात, हातमोजे घालून बघतात. पण मोज्यात गर नीट निघत नाही, फुटतो, म्हणून शेवटी सगळ्या उघड्या हातांनीच बसतात. मार्चमध्ये हंगाम तापतो. एप्रिलमध्ये या एकेकीच्या बोटांची टोकं काळी पडली होती, काहींची सालपटं निघत होती, काहींनी चिंध्या गुंडाळल्या होत्या. मालू कुणाचा तरी नंबर लावायला बोटाचं पेर उलटं करून पडद्यावर ठकाठका मारत होती. पलीकडची एक करंगळीने. एकीचे दोन्ही हात तेलाने माखलेले, ती शेजारणीला म्हणाली, "तीन नंबर दाब गं," आणि शेजारणीने दाबलं.

लकबीने या बायकांचे हात शिकून घेतले होते फेब्रुवारीत. हंगामाआधी. तेव्हा ते चांगले धडधाकट होते.

आणि वैजयंतीचे पाच हजार विद्यार्थी? त्यांचे हात तिने बनवले होते कोल्हापुरातल्या तीनशे कॉलेजकुमारांवरून. त्यांना एका थंडगार हॉलमध्ये आठवडाभर बोलावून त्यांच्या बोटांची मापं घेतली होती. आठवड्याभरात कुणाचे हात बदलतात? तिच्या त्या अख्ख्या फौजेत ज्याची बोटं भाजतात असा एकही विद्यार्थी नव्हता. लहानपणी रोज संध्याकाळी आईच्या बोटांना खोबरेल लावायचं काम तिचं होतं. सगळं जग विसरलं तरी चाललं असतं, पण हे तिने विसरावं? तिला रडूच कोसळलं.

"अगो बाई, काय झालं हिला?" मालू घाबरली.

"आई, ते आम्हीच बनवलंय," वैजयंती हुंदक्यातून म्हणाली. "तुला तोतया म्हणणारं. माझ्याच कंपनीने. मी तपासून पास केलंय."

धडा बघणाऱ्या बायकांनी फोन खाली ठेवले. आईने मान वर करून तिच्याकडे पाहिलं.

"तू?"

"मी."

"मग नीट तपासायचं न्हाईस?" आई म्हणाली. बोलणं साधंच, पण वैजयंतीला थोबाडीत बसल्यासारखं झालं.

तिने घाईघाईने फोन काढला. "मी आत्ता दुरुस्त करते. एक ओळ आहे. पाठवली की तुझा शिक्का जातो, तू सहा तारखेला खुशाल पेपर दे."

"आणि ह्यांचं?" आईने हनुवटीने रांगेकडे खूण केली.

"त्यांचं... ते सगळ्यांचं असं करता येत नाही. कुणाच्या तरी लक्षात येईल."

"म्हंजे मी आत गेले आणि मालू भाईर. मग लोक काय म्हणतील? द्वारका खरी आणि बाकीच्या चाळीस चोर. लेक साहेबीण म्हणून सुटली." आईने मान हलवली. "नगं मला असलं. पुसून टाक ती वळ."

"आई, पर्यवेक्षकाची जागा जाईल!"

"जाऊ दे की. ह्यांच्यावर नजर ठेवायला बसायचं आणि ह्यांच्याच डोळ्याला डोळा देता येऊ नये, असली जागा काय करायची?"

वैजयंतीने ओळ पुसली. मग डोळे पुसले. आणि पिशवीतून लॅपटॉप काढून ती फरशीवर फतकल मारून बसली.

"मालूकाकी, तुमचे हात मला दाखवा. आणि मला सांगा, हंगाम सुरू झाला की पहिल्या आठवड्यात काय होतं?"

मग काय विचारता! ज्या बायका दोन आठवडे तोंडं शिवून बसल्या होत्या त्यांना वाचा फुटली. पहिल्या आठवड्यात नुसती आग होते. दुसऱ्यात कातडी काळी पडते आणि बोट बधिर होतं, मग माणूस फोन जोरात दाबतं. तिसऱ्यात सालपटं निघतात, तेव्हा मधलं बोट वापरायचं, नाहीतर पेर. पावसाळ्यात नवी कातडी येते, ती इतकी नाजूक की फोन नुसता हुंगल्यासारखा लावायचा. कुणी डाव्या हाताने कापते, तिचा उजवा खराब. सुईने गर काढणारीचा अंगठा खराब. चाळीस जणी एकदम बोलत होत्या आणि एकमेकींना खोटं पाडत होत्या. वैजयंतीने शनिवार-रविवार दोन्ही दिवस एकेकीला फोनवर जुने धडे सोडवायला लावले आणि एकेचाळीस जणींची मापं घेतली.

रविवारी संध्याकाळी ती आकडे बघत बसली आणि एकदम "अगं आई!" करून ओरडली. बासष्ट मापांतली चाळीस कातडीची होती, ती पार बिघडलेली. पण बावीस मापं कातडीची नव्हतीच. ती विचार करण्याची होती. आई प्रत्येक प्रश्नाचे चारही पर्याय वाचते, परत पहिल्यावर येते, मग ठरवते. फेब्रुवारीत तसंच, एप्रिलमध्येही तसंच, बोट कुठलंही असो. मालू पहिला पर्याय वाचला की उत्तर देऊन मोकळी, मग चूक असो की बरोबर. शेजारणीने दाबलं तरी थबकणं ज्याचं त्याचंच राहत होतं. सगळी मापं एकाच पंगतीला बसवल्यामुळे बावीस खऱ्यांवर चाळीस बिघडलेली भारी पडत होती.

सोमवारी तिने हजार नवे विद्यार्थी बनवले. हंगामाप्रमाणे हात बदलणारे. चाचणी लावली. बारा मिनिटांनी पडद्यावर लालेलाल. हजारातले सहाशे त्र्याऐंशी प्रामाणिक जीव तोतये ठरले होते.

इरफान बघून उडालाच. "बाविसाव्याला आठ दिवस राहिलेत आणि तू हे करून ठेवलंस? काढ त्या टेस्ट!"

"काढल्या तर परत हिरवं होईल, सर. पण ते खरं नसेल."

"एका गावासाठी अख्खं काम थांबवायचं?"

"त्या एकेचाळीसांत माझी आई आहे."

इरफान खुर्चीत बसला. "तुझी आई तर घरी असते ना?"

"काजू फोडते. मला सांगायला लाज वाटायची. आणि एकच गाव नाही, सर. मिरची खुडणाऱ्या, चुन्याच्या भट्टीवरच्या, धुणीभांडी करणाऱ्या. साबणाने बोटं सोलतात त्यांची. आपण सहाच तालुके बघितलेत."

तो डोकं धरून बसला. कंत्राट गेलं तर अकरा जणांची नोकरी जाणार, हे त्याला दिसत होतं आणि तिलाही. शेवटी म्हणाला, "मंडळापुढे तू बोल. मी मध्ये पडणार नाही, आणि तुला अडवणारही नाही."

मंडळाच्या देशकर मॅडम बारीक चष्म्याच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी लाल पडदा शांतपणे पाहिला.

"पंधरा दिवसांपूर्वी तुम्ही मला सगळं हिरवं दाखवलं होतंत."

"हो मॅडम. आम्ही ज्यांना ओळखत होतो तेवढ्यांपुरतं ते हिरवं होतं." वैजयंतीने लॅपटॉप त्यांच्याकडे आणखी सरकवला. "चूक माझी आहे. लकब वाईट नाही, पण तिची परीक्षा मी सोप्या पोरांवर घेतली."

"आणि उद्या तिसरंच काहीतरी निघालं तर?"

"निघेलच. म्हणून यापुढे प्रत्येक बदल आधी या हातांमधून जाईल. नवं गाव सापडलं की त्यांचे हात आत येतील. लाल असेल तर लाल म्हणून तुम्हाला कळवू."

देशकर मॅडमनी चष्मा काढून पुसला. राज्यभर सुरू करणं त्यांनी पुढे ढकललं, आणि एक मुदत दिली. चार मेपर्यंत चाचणी पास झाली, तर सडेगावच्या बायका सहाला पेपर देतील. नाहीतर पुढच्या वर्षी.

मग जे काही दिवस गेले ते कंपनीत सगळ्यांच्या लक्षात आहेत. लकबीची मांडणी इरफानने स्वतः उलगडली आणि नव्याने बांधली. विचाराच्या मापांना मोठं वजन दिलं, कातडीच्या मापांना सवय बदलायची मुभा दिली. प्रामाणिक सुटायला लागले तर लबाडही सुटायला लागले. लबाडांना आवळावं तर मालूसारख्या अडकत. सत्तावीस वेळा चाचणी लाल आली. वैजयंती रोज आईला फोन करून आकडा सांगायची आणि आई म्हणायची, "बरं. उद्या बगा."

तीन मेला दुपारी सव्वातीनला सहा हजारांतला एकही प्रामाणिक अडकला नाही. चारशे लबाडांतले सहा मात्र निसटले. मॅडमना तसंच कळवलं, लपवलं नाही. त्या म्हणाल्या, सहांसाठी मी तपासायला माणसं बसवीन, त्या बायकांचे शिक्के काढा. एकेचाळीस शिक्के एकदमच निघाले. इरफानने ऑफिसातल्या सगळ्यांसाठी मिसळ मागवली.

निकाल जूनमध्ये लागला. सकाळी साडेदहाला आईचा फोन आला तेव्हा वैजयंतीच्या हातातला कप तसाच राहिला. पलीकडे कारखान्यात नुसता कल्ला चालला होता.

"वैजू! मालू पास झाली गं! काटावर, पण झाली! एकोणतीस जणी पास!"

"आणि तू?"

"मी नापास." आई खो खो हसत होती. "गणितात अकरा! बाकी सगळ्यात निघाले, मराठीत तर बहात्तर. त्या बीजगणितानं दावा साधला बग."

"अगं मग हसतेस काय? ती जागा..."

"जागा मालूला मिळाली तर मिळू दे. बोंबलून बोंबलून काम घेईल ती आमच्याकडनं." आईने हसू आवरलं, आणि तिचा आवाज खाली आला. "वैजू, कागदावर लिवलंय, द्वारकाबाई सोमाजी गावडे, नापास. पूर्ण नाव लिवलंय. दुसरी कोण न्हवती बग तिथं, मीच बसलेले आणि मीच नापास झाले. तोतयाला नापास कोण करतंय?"

वैजयंतीने कप खाली ठेवला आणि नाक पुसलं.

"रडू नगंस. ऑगस्टात नापासांचा परत पेपर हाय, फॉर्म भरला बी मी. येत्या रविवारी ये आणि ते एक्स काय असतंय ते एकदा नीट समजावून सांग मला."